एकाच तिथीचे दोन पाहुणे

मी एक जुना पितळी थाळा आहे. माझ्याभोवती सहा माणसे मांडी घालून बसली तरी कोणाचा गुडघा कोणाला लागत नाही, एवढा माझा घेर आहे. लाल नदीच्या काठी दाऊ नावाचे गाव आहे. तिथल्या गावदेवळात माझे सारे आयुष्य गेले. थाळ्याला काय कळते, असे म्हणू नका मित्रांनो. तुम्ही ज्या तोंडाने जेवता त्याच तोंडाने बोलता, आणि सांडते ते सारे माझ्याच अंगावर.

मला एका म्हाताऱ्या तांबटाने घडवले. माझ्या आधीचा थाळा वाकडा निघाला म्हणून गिऱ्हाइकाने त्याला चार शब्द सुनावले होते. तो सगळा राग त्याने हातोडीने माझ्यावर काढला. तेव्हा फार लागले, पण त्यामुळेच मी असा दणकट झालो. पुढे गावाने मला होडीतून आणले, राख आणि करमळाची आंबट फळे लावून लख्ख घासले आणि वेदीवर बसवले. आमच्या देवळाचा नियम आहे, वेदी एक आणि वेदीवर थाळाही एकच.

आमच्याकडे माणूस कधी जन्मला हे त्याच्या आईला विचारावे लागते. तो कधी गेला, हे मात्र साऱ्या गावाला तोंडपाठ असते. त्या तिथीला गेलेला माणूस जेवायला येतो. त्याची वाटी मांडतात, जेवायच्या काड्या ठेवतात, उदबत्ती जळून संपेपर्यंत थांबतात, आणि मग उरलेले सगळे जेवतात. मला लहानपणापासून एकच कुतूहल वाटत आले आहे. ही येणारी माणसे वाटेत एकमेकांना भेटत असतील का? एकाच तिथीची असली तर एकत्र निघत असतील का?

कारण आमच्या गावाचे दोन मोठे पाहुणे अगदी लागून लागून येत. सातव्या महिन्याच्या एकोणतिसाव्याला सेनापती. म्हणतात, त्यांनी नदीच्या मुखाशी शत्रूची गलबते अडवली आणि तिथेच देह ठेवला. दुसऱ्या दिवशी, तिसाव्याला, रेशीमआई. ती त्यांच्यानंतर शे-सव्वाशे वर्षांनी कुठूनशी आली. एकटी विधवा, मूलबाळ नाही. तिने गावाला कोशातून धागा काढायला शिकवले, आणि गाव दोन घास सुखाने खायला लागले. एकोणतिसाव्याला माझ्यावर डुकराचे मुंडके, चिकट भात आणि उकडलेला कोंबडा असे, आणि भोवती गावचे वडीलधारे पुरुष. तिसाव्याला बायका मला खाली चुलीपाशी नेऊन घासत, आणि माझ्यावर रेशमाच्या अळ्या लिंबाच्या पानांत परतून वाढत. खरे सांगू? मला अळ्यांचा वास जास्त आवडायचा.

आता चंद्राचा महिना कधी तीस दिवसांचा भरतो, तर कधी एकोणतीस दिवसांतच आटोपतो. महिना आखूड असला की तिसाव्याचा पाहुणा एकोणतिसाव्यालाच येतो. अशा वर्षी या दोघांची तिथी एकच होई. मग गोंधळ नको म्हणून बायका रेशीमआईचे जेवण एक दिवस आधीच, अठ्ठाविसाव्याला, उरकून घेत. पितरांना आधी वाढलेले चालते, पण उशिरा वाढलेले पोचत नाही.

या योगायोगाचे सर्वांत मोठे वेड खिएत मास्तरांना होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच छंद धरला, कोणकोणती मोठी माणसे एकाच दिवशी गेली ते शोधायचे. पंगतीला बसले की ते सुरू होत.

"अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष एकाच वर्षी, एकाच दिवशी गेले! आणि तोही त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्याचा दिवस!"

"मग? त्यांचं जेवण काय आपण घालायचंय?" असे म्हणत तुओंग आजोबा कोंबड्याची मान स्वतःच्या वाटीत घेत. ते देवळाचे मुख्य होते आणि सेनापतींच्या घराण्यातले होते. ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत.

त्या वर्षी घात झाला तो थ्वा आजीच्या हिशेबाने. थ्वा आजी म्हणजे गावात हाताने रेशीम काढणारी शेवटची बाई. रेशीमआईचे जेवण तीच घाली. मागचा महिना आखूड होता, म्हणजे हा भरलेला असणार, असे तिने जुन्या माणसांच्या रीतीप्रमाणे धरले. पण त्या वर्षी लागोपाठ दोन महिने आखूड आले. ती एकोणतिसाव्याच्या सकाळी अळ्या निवडत बसली होती, तेव्हा शेजारणीने विचारले, "थ्वाताई, कालच जेवण घातलंत ना?"

आजी तशीच उठली. अळ्यांची परडी काखेत मारून ती अनवाणी देवळात आली. तोवर वेदीवर मी सजलो होतो. माझ्यावर मुंडके होते, आणि मुंडक्याच्या तोंडात सुपारी.

"तुओंगभाऊ, उद्या तीस नाहीच. आपल्या म्हातारीचं, रेशीमआईचं, जेवण आजच झालं पाहिजे हो."

"थ्वाताई, आज सेनापतींचा दिवस. वेदी एक, थाळा एक. घरी वाढा की."

"घरच्या वेदीवर माझ्या सासरची माणसं. तिथे ती परकी. ती गावाची आहे."

"मग पंगत उठल्यावर बघू."

"तुमची पंगत उठते कधी? दारूचा बुधला आडवा झाल्यावर! तोवर दिवस बुडालेला असतो."

पुरुषांत हशा पिकला. तुओंग आजोबा हसले नाहीत. थ्वा आजीनेही परडी घट्ट धरली. मित्रांनो, तिला कसली भीती होती ते सांगतो. सातवा महिना म्हणजे आमच्याकडे भटक्या आत्म्यांचा महिना. ज्यांना घालणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी वेशीबाहेर वडाच्या पानावर पातळ पेज ठेवतात. कोणीही यावे, चाटावे आणि जावे. ज्या बाईने गावाला दोन घास दिले, तिला या वर्षी त्या गर्दीत उभे राहावे लागणार होते.

खिएत मास्तर मध्ये पडले. "अहो, भांडता कशाला? दोघं एकाच तिथीला आलीत, तर दोघांना एकाच थाळ्यावर बसवा! बोलू देत की एकमेकांशी. मला तर फार ऐकावंसं वाटतं, काय बोलतील."

मलाही फार ऐकावेसे वाटत होते.

"मास्तर, वरची पंगत पुरुषांची," तुओंग आजोबा म्हणाले. "सेनापतींच्या समोर एक बाई बसणार? आणि त्यांनी काय त्या अळ्या खायच्या?"

"त्यांनाच विचारा मग," मास्तर म्हणाले.

विचारायची रीत आहे. जुनी दोन नाणी घेऊन टाकायची. एक उताणे आणि एक पालथे पडले तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार. तीनदा विचारता येते. तुओंग आजोबांनी मुंडके बाजूला सरकवले आणि माझ्याच अंगावर नाणी टाकली. दोन्ही पालथी. पुन्हा टाकली. पुन्हा दोन्ही पालथी.

"झालं?" ते म्हणाले, पण आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.

थ्वा आजीने हात जोडले. "सेनापती नको म्हणतात तर राहू द्या. मोठ्या माणसावर जबरदस्ती नको. म्हातारीला मी वडाच्या पानावर वाढते. तिनं उपास काय कमी काढलेत? समजून घेईल." आणि ती परडी उचलून दाराकडे निघाली. मी पितळेचा आहे, रडू शकत नाही, पण त्या वेळी मला फार फार वाईट वाटले.

तेवढ्यात खालच्या चुलीकडून मिएन आजी वर आल्या. त्या तुओंग आजोबांच्या बायको. हात भाताने चिकट, कपाळाला काजळी. पुरुषांची पंगत मांडलेली असताना त्या कधी वर आल्याचे मी पाहिले नव्हते.

"अहो, एक विचारू?"

"आत्ता?"

"आत्ताच. आपल्याला तीन मुली. मुलगा नाही. तुमच्या रीतीनं मुली वरच्या पंगतीला यायच्या नाहीत. मग तुम्ही गेल्यावर तुमची वाटी कोण मांडणार?"

तुओंग आजोबा हातातली नाणी चाळवू लागले.

"आज हिला पानावर वाढा," मिएन आजी म्हणाल्या. "बघून ठेवा नीट, कसं वाढतात ते. उद्या तुम्हालाही तिथेच यायचंय. मी आधी गेले तर शेजारी जागा धरून ठेवीन."

हे बोलताना त्या रागावलेल्या नव्हत्या. भाजीत मीठ कमी आहे, असे सांगावे तसे त्या बोलल्या. तुओंग आजोबांचा चेहरा मात्र मी अगदी खालून पाहत होतो. इतकी वर्षे मला घाबरवणारा तो माणूस एकाएकी फार म्हातारा दिसू लागला.

"तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय," ते हळूच म्हणाले. थ्वा आजी दारात थांबली.

आजोबांनी नाणी टाकली. नाणी माझ्यावर खणखणली, गोल फिरली आणि निजली. आणि कोणी मान पुढे करण्याच्या आत तुओंग आजोबांनी त्यांवर आपला रुंद पंजा ठेवला. पंज्याखाली डोकावून पाहिले, नाणी मुठीत घेतली आणि खिशात घातली.

"सेनापती हो म्हणतात," ते म्हणाले.

"बघू, बघू तरी!" मास्तर धावले.

"मास्तर, देवाघरचं सगळंच बघायचं नसतं."

नाणी कशी पडली होती, ते त्यांना ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे. मी कोणाला सांगितले नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

मग तुओंग आजोबांनी स्वतःच्या हाताने दुसरी वाटी आणली, सेनापतींच्या वाटीसमोर मांडली आणि काड्या नीट जुळवून ठेवल्या. मुंडक्याशेजारी लिंबाच्या पानांतल्या अळ्या आल्या. उदबत्ती लावून ते मोठ्याने म्हणाले, "महाराज, आज तुमच्या पंगतीला पाहुणी आहे. जेवताना तिला आधी वाढा." थ्वा आजी बाहीने डोळे पुसत हसली. पुढे पुरुष जेवायला बसले तेव्हा पहिल्या अळीला कोणी हात लावीना. शेवटी तुओंग आजोबांनीच एक तोंडात टाकली, चावली आणि दुसरी घेतली. त्यानंतर त्यांनी अळ्या इतरांकडे सरकवल्या नाहीत.

ती दोघे आपसांत काय बोलली असतील? मी उदबत्ती संपेपर्यंत कान देऊन होतो. मला काही ऐकू आले नाही. पण त्या दिवशी माझे पितळ नेहमीपेक्षा जरा ऊबदार होते, एवढे खरे.

त्यानंतर स्टीलच्या हलक्या ताटांची चलती झाली. मी जड म्हणून मला अडगळीत टाकले. माझ्यावर हिरवट थर चढला, कोळ्यांनी जाळी विणली. कोणी विचारीना. तुओंग आजोबा गेल्याचेही मला अडगळीतच कळले, बाहेरच्या रडण्यावरून.

वर्ष भरले त्या सकाळी दार उघडले. त्यांच्या तिन्ही मुली आत आल्या, मला बाहेर ओढले आणि राख लावून घासले. घासून घासून त्यांचे दंड भरून आले. मग त्यांनी मला वेदीवर ठेवले, स्वतः वरच्या पंगतीत बसल्या आणि वडिलांची वाटी मांडली. उदबत्ती लावायच्या आधी थोरलीने मागे वळून विचारले, "आजच्या तिथीला आणखी कोण गेलं होतं?"

खिएत मास्तर आता काठी टेकत चालतात. त्यांनी मोठमोठी नावे आठवून पाहिली, पण त्या तिथीचे एकही सापडेना. मग मागून एक कोळीण म्हणाली, "ताई, मोठं माणूस नाही, पण फार वर्षांपूर्वी एक मीठ विकणारा आमच्या घाटाशी बुडाला होता. याच तिथीला. कुठला होता, कोण होता, नाव काय, कोणालाच माहीत नाही."

मित्रांनो, मला पुन्हा अडगळीत टाकू नका, एवढेच मागणे मी तुमच्याकडे मागणार होतो. पण आता ते राहू द्या. तुमच्या घरी आजी-आजोबांचे ताट वाढाल, तेव्हा थोरलीने विचारले तसे एकदा विचारा. कारण उत्तर ऐकताच ती उठली आणि तिने त्या मीठवाल्यासाठी वडिलांच्या वाटीसमोर दुसरी वाटी मांडली.