ओला मासा

"ह्याच्यावर पाणी कोण मारतं?" संशोधक बाईंनी भिंगावरून डोळा न उचलता विचारलं.

गुहेचा राखणदार त्यांच्यामागे विजेरी धरून उभा होता. उजेड किंचित हलला.

"पिकनिकवाले," तो म्हणाला. "बाटल्या ओततात. किती जणांच्या मागे धावणार, मॅडम?"

समोरच्या खडकावर हातभर लांबीचा मासा होता, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गेरूनं काढलेला. त्याच्यावर दुधाळ पापुद्रा चढला होता. शेपटी तर शोधावीच लागत होती.

"समुद्राकाठचा दगड, आत मीठ मुरलेलं," बाई सांगू लागल्या. "पाण्यानं ते विरघळतं, दगड वाळला की वर येऊन बसतं. मग पापुद्र्याबरोबर रंगही सुटतो. भिजल्यावर चित्र क्षणभर झळकतं ना, त्याचाच लोकांना मोह पडतो."

"हो ना, लोकांना काय!" तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

दुपारी बाई टेकडीखालच्या त्याच्या दोन खोल्यांत टेकल्या. चित्र पूर्वी कसं होतं ते ताडून पाहायला त्यांना जुने फोटो हवे होते.

"नाहीत," तो घाईनं म्हणाला.

"नाहीत काय! अहो, तो कौतुकाचा अल्बम कुणाचा मग?" बायकोनं कपाटावरून अल्बम काढून पदरानं पुसला. "हे बघा, मॅडम. ह्यांनी पंप मारला की मासा कसा जिवंत व्हायचा! लोक टाळ्या वाजवायचे. पंपाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत हं. आणि पाणी गाळून घ्यायचं म्हणून माझी चांगली चादर फाडली!"

ती हसत हसत चहा ठेवायला आत गेली.

बाई एकेक पान उलटत राहिल्या. प्रत्येक फोटोत तो होता, पाठीला फवारणीचा पंप, मागे ओलाचिंब मासा. आधी लालबुंद, मग विटकरी, मग भिजूनही फिका. तो फरशीकडे पाहत होता. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"रोज?"

"दोनदा. सुट्टीला चारदा. सव्वीस वर्षं. इतक्या लांबून आलेला माणूस काही न दिसता परत जाऊ नये, एवढंच मनात होतं."

"आमचे सरही मारायचे पाणी, फोटो चांगला यावा म्हणून," बाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं."

"पण सकाळी मला ठाऊक झालं होतं, मॅडम. तुम्ही समजावून सांगितलंत, आणि तरी मी लोकांवरच ढकललं."

बाईंच्या मांडीवर पाहणीचा तक्ता उघडा होता. 'हानीचं कारण' ह्या रकान्यात त्यांनी सकाळीच लिहून ठेवलं होतं : पर्यटकांनी टाकलेलं पाणी.

"तेवढं खोडा," तो म्हणाला.

"राहू द्या ना. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. चौकशी लागेल उगीच."

"लागू दे. ज्यांनी केलं नाही, त्यांच्या नावावर नको."

आत कपबश्या वाजल्या. बाईंनी 'पर्यटकांनी' वर रेघ मारली आणि खालच्या ओळीत त्याचं नाव लिहिलं.

"हुद्दा काय लिहू?"

"राखणदार," तो म्हणाला, आणि शब्द नीट उतरला की नाही, ते वाकून पाहू लागला.