वीस मिनिटं गप्प

तिला घरात, गल्लीत, वर्गात सगळे टकळी म्हणत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ते तोडून आपणच पुरं करायची तिला खोड होती, आणि बहुतेक वेळा ती ते चुकीचंच पुरं करायची. कार्यालयीन कामकाजाच्या पदविकेला 'संवादकौशल्य' नावाचा विषय आहे असं तिने घरी सांगितलं, तेव्हा तिचे बाबा पोट धरधरून हसले. ते शहर बसवर ड्रायव्हर होते. दिवसभर हॉर्न ऐकून कान किटलेले.

"हिला बोलायला शिकवणार? हिचं तोंड बंद करायचा कोर्स काढा म्हणावं, मी स्वतः रांगेत उभा राहतो!"

विषय शिकवणारे सर तरुण होते, तळमळीने शिकवायचे. पहिलं प्रकरण विश्वासावर होतं. 'समोरचा मन मोकळं करतो, तेव्हा तो काहीतरी आपल्या हाती सोपवत असतो,' असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि टकळीने ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सत्र संपत आलं तेव्हा सरांनी तीस गुणांचं प्रात्यक्षिक दिलं. घरातल्या कुणा एकाचं वीस मिनिटं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं, शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं आणि वर्गात ऐकवायचं. यात नापास तो विषयातच नापास.

आईच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी टकळीने फोन टेबलावर ठेवला. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात होती. दिवसाला चारशे चादरी तिच्या हाताखालून जायच्या, आणि सुट्टीच्या दिवशीही ती घरातल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची.

"बोल काहीतरी," टकळी म्हणाली. "मी गप्प बसणार आहे. कॉलेजचं काम आहे."

"तू? गप्प?" आई हसली. मग धुलाईघरातल्या नव्या यंत्राबद्दल बोलली, मुकादमाबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली. टकळीने जीभ दातांखाली धरली होती. आठ-नऊ मिनिटं झाली असतील. आई थांबली, आणि टकळी काहीच बोलत नाही असं पाहून पुढे सरकली.

"तू चार वर्षांची होतीस तेव्हा मी मावशीच्या आजारपणाला गेले होते ना, अकरा दिवस? मावशी ठणठणीत होती. मी घर सोडून गेले होते."

टकळीच्या ओठांवर 'का' आलं. तिने ते गिळलं.

"कुणी मारलं-झोडलं नव्हतं गं. तुझे बाबा साधेच. पण मला कुणी काही विचारायचंच नाही. कुठली भाजी करायची इतकंसुद्धा नाही. शाळेतली एक मैत्रीण होती दुसऱ्या गावी, तिच्या ओळखीने एका लॉजवर चादरी बदलायचं काम धरलं. तुझी आठवण यायची. रोज यायची, तरी राहिले. तुझ्यासाठी परत आले असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. बाराव्या दिवशी वाटलं, आता मी माझ्या पायाने, माझ्या मर्जीने घरी जाऊ शकते. मग आले. बाबांनी दार उघडलं. एक शब्द विचारला नाही. आजतागायत नाही."

टकळीला रडू येत होतं, रागही येत होता. आईला घट्ट धरावं की हात झटकून उठावं, हेच तिला कळेना. ती बसून राहिली. तेवढ्यात आईची नजर फोनवर गेली.

"हे सगळं त्यात गेलं?"

"हो."

आईने एक उशीचा अभ्रा उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "असू दे. तुझा अभ्यास आहे. दे हवं तर."

दोन दिवसांनी वर्गात ऐकवणं सुरू झालं. पहिला नंबर लंबूचा. त्याने आत्याचं रेकॉर्डिंग आणलं होतं. आत्याचं लग्न ठरून मोडलं होतं, ते ती सांगत होती. मधेच तिचा आवाज चिरकला. मागच्या बाकावर दोघं फिसकन हसले. सरांनी त्यांना दटावलं, पण रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं आणि खडू उचलला. "बघा, आवाजाची पट्टी इथे बदलते. भावना कशी ओळखायची, याचं उत्तम उदाहरण." लंबू खाली मान घालून बाकावरचा रंग नखाने खरवडत होता.

टकळी तास संपायच्या आधीच उठली. व्हरांड्यात जाऊन तिने फोन काढला आणि ती वीस मिनिटं पुसून टाकली. मनात दुसरा विचार यायला नको म्हणून झटक्यात.

दुसऱ्या दिवशी तिने सरांपुढे एक पान ठेवलं. त्यात आईचं अवाक्षर नव्हतं. मध्ये बोलायची हुक्की आपल्याला सोळा वेळा आली, त्यातल्या कोणत्या वेळी आपण हातांचं काय केलं, कधी राग आला, कधी रडू आलं, एवढंच होतं.

"छान लिहिलंय," सर म्हणाले. "रेकॉर्डिंग?"

"नाही देणार."

"राहून गेलं का?"

"केलं होतं. पुसलं. सर, पहिल्या प्रकरणात तुम्हीच सांगितलंत, समोरचा काहीतरी आपल्या हाती सोपवतो. मला सोपवलं. वर्गाला नाही."

सरांनी पान खाली ठेवलं. "मुद्दा पटतोय गं. पण गुणांच्या तक्त्यात रेकॉर्डिंगचा रकाना आहे. तो रिकामा ठेवून मी गुण देऊ शकत नाही. शुक्रवारपर्यंत दुसरं करून आण."

बाहेर वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला बाजूला घेतलं. "तू पण ना! अगं, निम्म्या वर्गाने नाटकच केलंय. मी माझ्या मावशीच्या हातात कागद दिला, तिने धडाधड वाचला, पंचवीस गुण मिळाले. ये संध्याकाळी, तुझंही उरकून टाकू."

"म्हणजे खरं ऐकलं त्याला शून्य, आणि खोटं वाचलं त्याला पंचवीस?"

"शहाणपणा करू नकोस. वर्ष जाईल."

"जाऊ दे."

शुक्रवार गेला. विभागप्रमुख बाईंनी पालकांना बोलावलं. आई धुलाईघरातली पाळी संपवून थेट आली. निळा एप्रन काढायचाही राहिला होता, आणि अंगाला साबण-सोड्याचा वास होता. बाई वयाने मोठ्या, आवाज मऊ.

"तुमची मुलगी हट्टाला पेटलीय. तुम्ही असं काय बोललात की ते देता येऊ नये? घरगुतीच काहीतरी असणार. तुम्हीच पुन्हा दहा-वीस मिनिटं बोला तिच्याशी, की झालं."

टकळीचं तोंड उघडलं होतं. आईने तिच्या मनगटावर बोट ठेवलं.

"मी तिला 'दे' म्हणाले होते," आई बाईंना म्हणाली. "वरवर म्हणाले होते. तिला ते कळलं. इथे तेच शिकवता ना तुम्ही? मग तिला येतंय ते."

"नियम सगळ्यांना सारखा असतो, ताई."

"असू दे की. घाला शून्य. पण मी काय बोलले ते मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तिलाही सांगू देणार नाही."

बाईंनी शून्य घातलं. सरांनी मात्र ते एक पान परत केलं नाही. फायलीत ठेवतो म्हणाले, का ते सांगितलं नाही.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत टकळी पहिल्या पाचात होती. बाबांनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि त्यांना हसू आवरेना. "टायपिंगमध्ये पास, हिशेबात पास, आणि बोलण्यात नापास? आमची टकळी?"

"हसू नका," आई म्हणाली. "माझ्यामुळे नापास झालीय ती. मी तिला त्या अकरा दिवसांचं सांगितलं, आणि ते तिने कॉलेजला दिलं नाही."

बाबांचं हसू ओठांवरच विरलं. गुणपत्रिका त्यांनी हळूच टेबलावर ठेवली आणि तळहाताने तिची दुमड सपाट करत राहिले. मग बाबा म्हणाले, "मी विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटायची. तिला सांगितलंस. मला सांगशील?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "लगेच नाही. आधी विचारायची सवय करा. रोज. साध्यासाध्या गोष्टी. मग बघू."

"बरं," बाबा म्हणाले. आणि थोडं थांबून, अडखळत, "चहा... करू का? तुला हवा आहे का?"

"हवा आहे."

टकळीने चपला पायात सरकवल्या आणि ती बाहेर पडली. पुढचं जे काही होतं ते त्या दोघांचं होतं.

सोमवारी ती फेरपरीक्षेच्या खिडकीवर गेली. आतल्या कारकुनाने अर्ज वरून खाली वाचला आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे तिने लिहिलं होतं, 'प्रात्यक्षिक दिले नाही.'

"असं नाही लिहायचं, बाळ. 'आजारी होते' लिही. लगेच मंजूर होतं."

"मी आजारी नव्हते."

"अगं, सगळे तेच लिहितात. नाहीतर अर्ज वर जाईल, चार प्रश्न विचारतील."

"विचारू दे ना," टकळी म्हणाली. "उत्तरं आहेत माझ्याकडे. आणि हे बघा, पुढच्या सत्रात तोच रकाना असेल तर तो मी पुन्हा रिकामाच ठेवणार आहे. हवं तर तेही लिहून देते. पेन आहे तुमच्याकडे?"

कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढून खिडकीतून बाहेर दिलं.