निकेलवाला एसेन्कुल

"घे ना गं बाई, घे," एसेन्कुल चार्जरला म्हणाला आणि वायर काढून त्याने पुन्हा खोचली. चार्जरने टीं-टीं करून पुन्हा लाल अक्षरं दाखवली: व्होल्टेज कमी, जोडणी तपासा. जोडणी उत्तम होती. चुकलं होतं दुसरंच, आणि ते काय, हे त्याला आत्ता, अंतिम शर्यत तोंडावर आलेली असताना लख्ख कळलं.

सकाळी घरी चहा पिता पिता त्याने बॅटरीला मोटारीच्या दिव्याचा बल्ब जोडून ठेवला होता. बल्ब विझेपर्यंत बॅटरी रिकामी करायची आणि मगच भरायची, हे त्याने जन्मभर केलं होतं. निकेलची बॅटरी अर्धीमुर्धी असताना भरत राहिलं तर ती आळसावते, ऐन शर्यतीत मान टाकते. पण ही निकेलची नव्हती. ही सिर्गाने, त्याच्या लेकीने, नुकतीच घेतलेली लिथियमची होती, आणि लिथियम अशी तळापर्यंत उपसली की ती गेलीच समजा. सिर्गाने हे त्याला दोनदा बजावलं होतं. त्यानेही मान डोलावली होती.

बिश्केकच्या या बंद पडलेल्या शिवण कारखान्यात दर रविवारी रिमोटच्या गाड्या धावत. गालिचा अंथरून केलेला ट्रॅक, कडेला चार्जिंगची टेबलं, पलीकडे चहाचा सामोवार आणि खिम्याचे गरम साम्सा. ट्रॉलीबसच्या डेपोतून निवृत्त झालेल्या एसेन्कुलला इथे सगळे ओळखत. बॅटरी भरत आली की तो हात लावून सांगायचा, "काढा आता." त्याचा अंदाज कधी चुकला नाही. पण एकेकाच्या बॅगेतून निकेल गेली, लिथियम आली, आणि विचारायला येणारे कमी झाले.

शेजारच्या टेबलावरचा रोदिओन डेपोतला जुना सोबती होता. आज सकाळीच तो सगळ्यांदेखत सिर्गाला म्हणाला होता, "पोरी, फायनलची बॅटरी माझ्याकडे दे. तुझा बाप डायनासोरच्या काळातला आहे."

"माझी बॅटरी आके भरतात," सिर्गा ताडकन म्हणाली होती. आके म्हणजे बाबा. ते ऐकून एसेन्कुलला आभाळ ठेंगणं झालं होतं. लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्यापासून लेक म्हणून ती त्याच्या वाट्याला यायची ती या टेबलापाशीच. टेबल गेलं तर त्याने इथे यायचं तरी कशाला?

"आके, झाली का?" ट्रॅककडून सिर्गाने हाक मारली.

"होतेय, होतेय!"

एक युक्ती त्याला माहीत होती. चार्जरला सांगायचं की ही निकेल आहे. मग तो काही न विचारता करंट ढकलतो. जरा जीव आला की लिथियमवर न्यायचं. कुणी पाहत नाही ना हे बघून त्याने बटण दाबलं. आकडे हलले, चढायला लागले. त्याने घाईने चार्जर लिथियमवर आणला, आणि या वेळी चार्जरने कुरकुर केली नाही.

"सुटलो रे बाबा," तो म्हणाला. कपाळावरचा घाम त्याने टोपीने पुसला.

आकडे चढत राहिले. दहा गाड्या रांगेला लागल्या, सिर्गाने टायर पुसले. एसेन्कुलने सवयीने बॅटरीवर हात ठेवला. ती कोमट होती. निकेल कोमट झाली की त्याला बरं वाटायचं, पण ही कोमट होता कामा नये हे त्याला माहीत होतं. त्याने बोट फिरवलं. सपाट अंगावर फुगवटा आला होता, तळून फुगलेल्या बोरसोकच्या गोळ्यासारखा.

"द्या आके, बोलावताहेत." सिर्गा हात पुढे करून उभी होती.

देता आली असती. पडद्यावरचा आकडा चांगला दिसत होता. पाच मिनिटांची शर्यत कदाचित निघालीही असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. कदाचित मात्र तिच्या हातात, गाडीत खोचतानाच, ती पेटली असती. त्याने वायर उपटली.

"ही नको," तो म्हणाला. "मी मारलं हिला. सकाळी बल्ब लावला होता."

सिर्गाचा चेहरा उतरला. "बल्ब? आके, मी किती वेळा..."

"ए, फुगलीय ती!" रोदिओन ओरडला. "बाहेर काढा! बाजूला व्हा सगळे!"

ज्याने लावली त्यानेच बाहेर न्यायची, हा इथला कायदा. एसेन्कुलने हातमोजे चढवले, बॅटरी उचलली आणि दोन्ही हातांनी पोटापासून लांब धरून चालू लागला. पळायचं नाही, आपटायचं नाही. माणसं भिंतीला चिकटली. साम्साचं ताट घेऊन एक बाई जागीच थिजली होती. "जरा सरका, ताई," तो शांतपणे म्हणाला.

अंगणात बर्फात वाळूची लोखंडी बादली होती. बॅटरी तिच्यात ठेवून तो मागे सरतो न सरतो तोच फुस्स झालं आणि पांढरा धूर उसळला. धूर विरेपर्यंत तो तिथेच थांबला.

आत आला तेव्हा सिर्गाने त्याच्या जुन्या चार्जरवरची निकेल काढून गाडीत बसवली होती. कुणी विचारो न विचारो, तो दर रविवारी एक भरून ठेवायचा.

"निकेलसाठी गाडीचं सेटिंग बदललंस?" त्याने विचारलं.

"बदललं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

गाडी सुटली ती झकास. दोन फेऱ्या सिर्गा दुसरी होती आणि एसेन्कुल श्वास रोखून उभा होता. मग लिथियमवाल्या गाड्या सरळ रस्त्यावर एकेक करून पुढे गेल्या. तिने वळणं सुरेख घेतली, एकदाही कठड्याला लागली नाही, तरी शेवटी सातवी आली.

गाडी काखेत घेऊन ती टेबलापाशी आली. तो मान खाली घालून उभा होता.

"दिली असती तर?" तिने विचारलं. "माझ्या हातात असती ती, आके."

"म्हणून तर नाही दिली."

मग लिथियमचा नवा चार्जर तिने स्वतःच्या बॅगेत ठेवला. "पुढच्या रविवारपासून लिथियम मी बघेन. निकेल तुमच्याकडे. चालेल ना?"

"चालेल की," तो म्हणाला.

त्या हॉलमध्ये निकेलवर धावणारी गाडी दुसरी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. ती बक्षिसं बघायला गेली. शेजारी रोदिओनचा चार्जर वाजायला लागला. रोदिओन कुठे दिसत नव्हता. वायर काढायला एसेन्कुलचा हात पुढे झाला, अर्ध्यात थांबला, आणि त्याने तो कोटाच्या खिशात घातला.

"रोदिओन!" त्याने हाक मारली. "ये रे बाबा, तुझी भरलीय."