बंबवाल्यांचं जेवण

"गुठळ्या मोडतच नाहीत मेल्या," पिठाच्या पातेल्यावर वाकून नोरीन पुटपुटली. "दर वर्षी पॅनकेकचं पीठ माझ्याच गळ्यात. आणि वाहवा कोणाची, तर बंबवाल्यांची."

आर्डिस नुसतं हुं म्हणाली आणि सॉसेज परतत राहिली. गावच्या बंबाचा प्रमुख तिचा नवरा, डेल. पगार कोणालाच नाही. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं, आणि वर्षातून एकदा गावाने त्यांना पोटभर खाऊ घालायचं. म्हातारे गळाले, धावायला माणसं उरली नाहीत, बंब विकायची वेळ आली, तेव्हा पाचजण पुढे आले. गाव त्यांना 'टेकडीवरची पोरं' म्हणायचं, एवढंच. ही पोरं दारोदारी प्लास्टिकच्या पिशवीत खडा घालून कागद टाकायची : ही माती गोऱ्या रक्ताची, बाकीच्यांनी निघावं. गाव खडे कुंड्यांत टाकी आणि कागद शेगडीत. कारण हीच पोरं विधवांच्या दारातला बर्फ न सांगता काढून द्यायची. त्यांना खरं नाव दिलं, तर बर्फ कोणी काढायचा?

जानेवारीत भरदुपारी लिंडालच्या गोठ्यामागचं पत्र्याचं घर पेटलं. आत ग्वाटेमालाची टोमासा होती. तिचा नवरा युसेबियो लिंडालचा गडी, तो लांबच्या गोठ्यात धारा काढत होता. बंबवाल्यांच्या बायका नेतात तसा आर्डिसने कॉफीचा थर्मास नेला. बंब वेळेत पोचला होता. पाचही पोरं त्याला टेकून उभी होती. त्यांचा म्होरक्या ग्रँट डेलला म्हणाला, "घाई काय आहे, चीफ?" आणि डेल आपल्या बुटांकडे बघत राहिला. आर्डिसने कॉफी ओतली. कप हातात होते ना.

आगीनंतर ओले पाइप बंबघराच्या मनोऱ्यावर वाळत टांगतात. थंडीत त्यांना हातभर बर्फाच्या काड्या लोंबतात, साऱ्या गावाला दिसतात. या वेळी मनोरा मोकळाच राहिला. दुकानात बायका हवेबद्दल बोलल्या. डेल म्हणाला, पंप गोठला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

जेवण चालू असतानाच दार उघडलं आणि युसेबियो आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात झाकलेलं मोठं पातेलं. जेवणारे थांबले.

"तमाले आहेत, मक्याच्या पिठाचे," तो म्हणाला. "टोमासासारखे नाही जमले. मालक म्हणाले, तुम्ही फार धडपड केलीत."

ग्रँटने खुर्ची ओढून दिली. "बस की. आपल्याकडे पाहुण्याला उभं ठेवत नाहीत."

त्याच्या शेजारच्याने कणसाचं पान उलगडून बघितलं. "असं गुंडाळून शिजवतात होय रे? सगळीकडून बंद करून?"

"हो, हो," युसेबियो खुलून म्हणाला. "बंद करून. वाफ बाहेर जाता कामा नये."

पोरं अशी हसली की एकाला ठसका लागला. युसेबियोही हसला. मग त्याने विचारलं, "मालक म्हणाले, एकजण आत शिरला होता, पण छप्पर कोसळलं. कोण तो? गावी तिच्या आईला नाव कळवायचंय."

डेलने घसा खाकरला. ग्रँट उठला, बोटं पुसली, हात पुढे केला. "माझं कळव."

युसेबियोने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

नोरीनने आर्डिसची बाही ओढली. "राहू दे गं. त्याला तेवढंच समाधान."

आर्डिसने उलथनं खाली ठेवलं. आता तोंड उघडलं तर या गावात तिच्याशी कोणी बोलणार नाही, डेल तर नाहीच. इतक्या वर्षांचा संसार, आणि टेकडी घरापासून हाकेच्या अंतरावर.

"आर्डिस," डेल तिच्याकडे न बघता म्हणाला, "कॉफी आण."

ती टेबलापाशी गेली.

"त्याचा हात सोड, युसेबियो. आत कोणीच गेलं नाही. पाइप उलगडलाच नाही. ती आतून काच वाजवत होती, आणि आम्ही सगळे ऐकत उभे होतो."