आबाजींची वाकडी करंगळी

मित्रांनो, नाक मुरडू नका. विटलेली आहे, ठिगळाची आहे, पण मी भाजीची पिशवी नव्हे. कसबा पेठेतल्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, मी चक्क शिकवते!

माझा जन्म सत्यशीलाबाईंच्या शिवणयंत्रावर झाला. जुन्या पडद्याचं जाड कापड आणि तोंडाशी नाडी, एवढाच माझा थाट. बाई मुलांचे निबंध वाचून कपाळाला हात लावायच्या. आई छान, शाळा छान, हत्तीसुद्धा छान! मग त्यांनी मला शिवलं. रोज माझ्या पोटात एक वस्तू लपवायची. मुलांनी न बघता हात घालायचा आणि ती कशी लागते ते सांगायचं. कारलं, गोटी, नारळाची शेंडी, काय काय पोटात घेतलं मी! मुलं ओरडायची, "खडबडीत!" "गार!" "गुळगुळीत!" या शब्दांना विशेषणं म्हणतात, हे बाई नंतर हळूच सांगायच्या.

करोनात शाळा बंद पडली तेव्हा कपाटात उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. वाटलं, संपलं सगळं. पण बाईंनी ठिगळ लावून मला पुन्हा वर्गात नेलं. त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

यंदा वर्गात दीक्षा आली. तिचे आईवडील कामासाठी यवतमाळहून पुण्यात आलेले. तिला न्यायला तिचे आजोबा, हिंमतराव, यायचे. ती त्यांना आबाजी म्हणते. एका दुपारी शाळा सुटून तास झाला, तरी आबाजी आले नाहीत. घरून तर केव्हाच निघालेले. जवळ मोबाइल नाही, शहर नवं, आणि अलीकडे त्यांना विसरायलाही होतं. दीक्षाची आई कामावरून धावत आली. पालकांच्या ग्रुपवर टाकायला बाईंनी वर्णन विचारलं, तर ती रडतच म्हणाली, "म्हातारे आहेत हो. पांढरा सदरा, पांढरं धोतर." अहो, पेठेत असे आजोबा पावलोपावली!

बाईंनी मला उचलून दीक्षाच्या मांडीवर ठेवलं. "हात घाल. आत आबाजींचा हात आहे असं समज. कसा लागतो?"

मी रिकामी होते. तिची बोटं आत चाचपडू लागली.

"खरखरीत," ती म्हणाली. मग सुरूच झाली. "करंगळी वाकडी आहे. आवाज घोगरा. सदरा ढगळा, बाबांचा घातलाय. चपला नव्या आहेत, करकर वाजतात. कानाजवळ मोठ्ठा काळा तीळ."

बाईंनी जसंच्या तसं लिहून पाठवलं. वीस मिनिटांत तांबट आळीतल्या एका भांडेवाल्यांचा फोन आला. "तुमचे वाकड्या करंगळीचे आजोबा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेत. लवकर न्या. हंड्याचा भाव चारदा विचारून झालाय, घेत काही नाहीत."

आबाजींना शाळेत आणलं तेव्हा दीक्षा त्यांना घट्ट बिलगली. बाईंनी तिने केलेलं वर्णन वाचून दाखवलं. आबाजींनी स्वतःची करंगळी उलटसुलट करून पाहिली. मग डोळे पुसत दीक्षाला म्हणाले, "इतकं पाहतं का वं माह्याकडं, बाई?"

मित्रांनो, त्या दुपारी माझ्या जन्माचं सोनं झालं. आता एकच मागणं आहे. आज घरी गेलात की आजीचा, आजोबांचा हात हातात घ्या. नीट बघा, आणि तो कसा लागतो ते त्यांना सांगा. कुणी कधी सांगितलेलं नसतं हो त्यांना.