एरंडाची पानं

माझी सून राही मासळीची पाटी एकाच हाताने उचलायला लागली, हे मला शिमग्याच्या सुमारास दिसलं. पाटी डोक्यावर चढवायला दोन्ही हात वर न्यावे लागतात. ही डावा हात अंगाशी धरून उभी. मी भर बाजारात विचारलं, माहेरच्यांनी तुला एकच हात देऊन पाठवलाय का? राही कधी उलट बोलतच नसे. मी सांगायचं, तिने करायचं, असं नऊ वर्षं चाललं होतं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर तिने दार लावून चोळी सोडली. डाव्या छातीला, काखेकडे, सुपारीएवढी गाठ. दुखत नव्हती, पण हात वर नेला की काखेत ओढ बसायची. धाकट्याचं अंगावरचं पिणं नुकतंच सुटलं होतं, म्हणून मी हात लावून निकाल दिला, दूध गोठलंय. अख्ख्या कोळीवाड्याच्या बाळंतिणी माझ्या हाताखालून उठल्या, मला कोण शिकवणार? एरंडाची पानं गरम करून दोन वेळा बांधायला लावली. कान्हा, माझा मुलगा, म्हणाला की अलिबागच्या डॉक्टरला दाखवू. त्याला म्हटलं, तू होडी बघ, बायकांचं मी बघते.

दोन महिने पानं बांधली. गाठ लिंबाएवढी झाली, वरची कातडी खळी पडल्यासारखी आत ओढली. तेव्हा मी पानं फेकून दिली. दुसऱ्याच दिवशी रेवसहून लाँचने मुंबई गाठली, आणि भाऊच्या धक्क्यावरून सरळ इस्पितळ.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला आणि आठ दिवसांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. कॅन्सर आहे म्हणाली. नुसती गाठ काढली तर तो परत यायची भीती. अख्खी छाती आणि काखेतल्या गाठी काढल्या, वर मशीनचा शेक दिला, तर जगायची आशा चांगली. पण हात बरेच महिने नीट वर जाणार नाही, सुजेलही. डोक्यावर ओझं कायमचं बंद. विचार करून सांगा म्हणाली, आणि राहीकडे बघितलं.

राहीने माझ्याकडे बघितलं. "आये, तुमी सांगाल तसं."

हे ऐकून एरवी मी सुखावायची. त्या दिवशी ऐकवेना. मी डॉक्टरीणबाईला पानांचं सगळं सांगितलं, त्या दोन महिन्यांनी किती बिघडलं ते विचारलं. तिने खोटा धीर दिला नाही. आधी आणायला हवं होतं म्हणाली, पण अजून हातातून गेलेलं नाही.

आमच्यात सासू सुनेपुढे असं बोलत नाही. मी बोलले.

"मी चुकले, राही. आता माझं ऐकू नको. अंग तुझं हाय, तू सांग."

राहीने पदर सावरला. मग मला न विचारता तिने तोंड उघडलं. पोराला उचलता येईल का, एवढंच डॉक्टरीणबाईला विचारलं. उजव्या हाताने लवकरच, बाई म्हणाली. डाव्यासाठी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम शिकवू, हळूहळू तोही येईल.

"मग काढा," राही म्हणाली. "मी बाजारात बसून विकीन. ओझं आये वाहतील."

अजून तशीच विकते, आणि मी वाहते. त्या वेळी डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसली. सुनेचं उलट बोलणं इतकं गोड लागेल असं वाटलं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी राहीने केस विंचरून मागितले. मी खाटेवर तिच्या मागे बसले. माझा हात जड, घरातल्या पोरी माझ्या फणीला घाबरतात. त्या दिवशी एकेक गुंता बोटांनी सोडवला.

"दुखलं तर सांग," मी म्हटलं.

"सांगते," ती म्हणाली, आणि दोनदा सांगितलंही.