नातीच्या बारशाचं पाणी

गावच्या बोअरची मोटर बावीस वर्षं मीच काढतो, मीच सोडतो. केमच्या अलीकडं आमचं गाव. मला कुणी शिकवायला आलं की माजं टाळकं फिरतंच. त्या दिवशी पंचायतीतली पाणी तपासणारी प्रियंका आली आन् ते फिरलं.

बोअरचं पाणी निम्म्यावर आलं हुतं. मोटर वर काढली तर जाळीवर लाल, बुळबुळीत थर. खरवडला तर नाकाला पदर लावायची पाळी. प्रियंका म्हणाली, "आण्णा, ही जंतूंची घाण हाय. पाइप धुवा, जंतू मारायची टीसीएल पावडर सोडा आन् एक दिवस मोटर बंद ठिवा."

"एक दिवस? परवा माज्या नातीचं बारसं हाय. दोनशे माणूस जेवायचं. तू आणतीस व्हय पाणी डोक्यावर?"

मी जाळी घासली, पाइप जोडले, मोटर सोडली. दुपारभर पाइप जिथं पडले हुते तितं बिरुदेव धनगराची मेंढरं आदीच्या चार राती बसली हुती, रान खतवायला. पाइपाला चिकटलेल्या लेंड्या मला दिसल्या. फडक्यानं पुसल्या. झालं की, म्हनलं.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली. प्रियंकानं तपासणीच्या बाटलीत पाणी घेतलं. "हे उद्यापतूर काळं पडलं तर पाणी खराब. तवर नळ सोडू नका." गावाचे न्हाईच सोडले. पर दुपारी माज्या एकट्या घराची लाइन सोडली. बारशाचं घर, पाण्याशिवाय काय करता?

बारशाच्या सकाळी मी दारात मांडव घालत हुतो. प्रियंका बाटली घेऊन पळत आली. आतलं पाणी काळं कुळकुळीत.

"आण्णा, नळ सोडले का?"

"गावाचे न्हाई."

"मंजी?"

मी तसाच घरात पळालो. माजी बायको सोजरबाई सहाणेवर नातीची बाळगुटी उगाळत बसलेली.

"कुटलं पाणी घेतलंस?"

"नळाचं. ताजं हाय, तुमीच म्हनला की."

"काल सांजंलाबी?"

"व्हय. आवो, झालं काय?"

मी सहाण तिच्या हातातनं ओढून घेतली. तेवढ्यात आतनं लेकीनं, संस्कृतीनं हाक मारली. "आई, बाळाला पहाटेपासनं पातळ हुतंय. दूध बी ओढंना."

प्रियंकाला म्हनलं, टाकी सगळी मोकळी कर. आन् शेजाऱ्याची जीप काढली, मायलेकीस्नी बाळासकट बसवलं. करमाळ्याच्या दवाखान्यापतूर मी मागं वळून बघितलं न्हाई. बारा दिवसांचं लेकरू, टाळू आत गेलेली. आयुष्यात मी इतका कधी भ्यालो नव्हतो.

डॉक्टरांनी बघितलं. "वेळेत आणलंत. सलाईन लावू. बाहेरचं काय पाजलं होतं?"

"गुटी," सोजर रडायला लागली, "मीच..."

"तिचा दोष न्हाई," मी म्हनलं. "पाणी मी सोडलं. खराब असंल म्हणून पंचायतीच्या पोरीनं दोनदा सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई."

संस्कृती माज्याकडं बघत राहिली.

"सुई लावायचीय, बाळाला कुणीतरी घट्ट धरा," नर्स म्हणाली. मी हात पुढं केले. संस्कृतीनं लेकरू छातीशी आवळलं, माज्याकडं पाठ केली आन् आईच्या हातात दिलं.